बारडोलीनंतरचा धूर

बारडोली सोडल्यावर गाडीचा धूर पातळ झाला. पहाटे डुमसच्या किनाऱ्यावरून निघताना तो निळसर होता, दोन्ही नळ्यांतून सारखा येणारा, रस्त्यावर थोडा तरंगून मग विरणारा. उजव्या आरशात तो प्रज्ञाला सतत दिसत होता. उसाच्या ट्रॅक्टरमागून गाडी बाहेर पडली तेव्हा तिने पुन्हा पाहिलं, तर निळा रंग गेलेला. राखाडीही नाही, नुसती हवा थरथरल्यासारखी दिसत होती. पुढे तेही दिसेनासं झालं. तिला बरं वाटलं. इंजिन चांगलं तापलं, आता सगळं नीट जळतंय, असा तिने त्याचा अर्थ लावला.

सुरतेच्या उधना भागातल्या एका डाइंग मिलच्या प्रयोगशाळेत कापडाच्या रंगछटा जुळवणं हे तिचं काम होतं. दोन पिवळ्यांमधला फरक इतरांना दाखवूनही दिसत नसे, तो तिला लांबून दिसे. धुरातला फरकही तिने टिपला होता. अर्थ मात्र उलटा लावला होता.

गाडी चालवत होते तिचे सासरे, श्रीपत. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, अंगाने सडपातळ, गाडीवर बसले की पाठ अशी ताठ ठेवणारे की मागच्याला वाटावं भिंतीला टेकूनच बसलोय. गाडी म्हणजे जावा मोटरसायकल, एकोणीसशे पासष्टची. किकचा आणि गिअरचा दांडा एकच, टाकीवर गुडघे टेकायला रबराच्या गाद्या, आणि आवाज असा की भेस्तानच्या त्यांच्या गल्लीत कुत्रीसुद्धा तो ओळखून बाजूला होत.

जुन्या गाड्यांच्या मंडळाने यंदा डुमस ते पुरी अशी दौड ठेवली होती, एका समुद्रापासून दुसऱ्यापर्यंत. सत्तरच्या आधीची गाडी हवी, तीही आपल्या इंजिनावर, आपल्याच हातांनी दुरुस्त करत न्यायची. मागून एक टेम्पो यायचा. एकदा त्यात गाडी चढली की दौड संपली. पहिला कोण पोचतो याला किंमत नव्हती. पोचायचं, एवढंच होतं.

ही दौड धम्मरत्नच्या मनात फार वर्षं होती. धम्मरत्न म्हणजे श्रीपत यांचा एकुलता मुलगा आणि प्रज्ञाचा नवरा. भंगारात निघालेली ही गाडी त्याने बापाला सोबत घेऊन उभी केली होती. रस्ता धुळ्याकडे वळायच्या आत श्रीपत यांचं गाव लागायचं, साक्रीच्या अलीकडे. तिथून श्रीपत यांचे वडील पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन सुरतेला आले होते. "बाबा, तुम्हाला या गाडीवरून गावात नेणार," असं धम्मरत्न म्हणायचा, "आणि हॉर्न वाजवत नेणार, लोकांना कळू दे." त्याला जाऊन आता तिसरं वर्ष चालू होतं. रक्ताचा कर्करोग होता.

औषधं सुरू करण्याआधी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून एक गोष्ट सांगितली होती. या औषधांनंतर मूल होईलच असं नाही, तेव्हा आधीच काय करता येतं ते बघा. शहरातल्या एका दवाखान्यात दोघांनी ते केलं. तीन भ्रूण तयार झाले. तिथल्या स्टीलच्या टाकीत, द्रवरूप नायट्रोजनमध्ये ते ठेवले गेले. धम्मरत्न बरा झाला की मग, असं ठरलं होतं. तो बरा झाला नाही.

घरात त्या गोष्टीला नाव नव्हतं. सासूबाई, चंद्रभागा, तिला 'तिकडचं' म्हणत. "तिकडचा फोन आलता का?" "तिकडं जाऊन आलीस का?" दरवर्षी मुदत वाढवायला प्रज्ञा जायची तेव्हा श्रीपत सोबत यायचे, बाहेरच्या बाकावर टोपी हातात धरून बसायचे. एकदाच त्यांनी विचारलं होतं, "तिथं लाइट गेली तर?"

"लाइटवर चालत नाही ते, बाबा. नायट्रोजन थंड ठेवतो. थोडा थोडा उडून जातो, मग वरून भरतात."

"भरायचं कोणाकडे आहे? माणूस नेमलेला आहे ना?"

"आहे."

"मग ठीक," असं म्हणून त्यांनी टोपी डोक्यावर घातली होती.

यंदा दवाखान्याने सांगितलं होतं, नुसती मुदत वाढवून चालणार नाही. वापरणार असाल तर तसं सांगा, नसाल तर तसं. प्रज्ञाचं मन केव्हाच ठरलं होतं. गेल्या बुद्धपौर्णिमेला विहारातून परत येताना ती बोलायला गेली, तर चंद्रभागाबाईंनी शेजारणीच्या नातवाच्या बोरन्हाणाचा विषय काढला. नंतर एकदा जेवताना तिने, "बाबा, ते तिकडचं," एवढं म्हटलं, आणि श्रीपत यांचा घास हातात थांबला, चेहरा असा उजळला, की तिने "पुढच्या महिन्यात जायचंय" म्हणून वेळ मारून नेली. मग या दौडीचं ठरलं. धम्मरत्नच्या जागी मी येते, असं तिनेच म्हटलं. रिकाम्या मैदानात ती जावा चालवायला शिकली, मंडळाची परीक्षा पास झाली. तिच्या मनात हिशोब असा होता की आधी त्यांना त्यांचं गाव दिसू दे, पुढचं सगळं मग. एखाद्याकडून काही काढून घ्यायचं असेल तर आधी त्याच्या हातात काहीतरी असावं.

व्याऱ्याच्या अलीकडे चढ लागला आणि गाडीचा सूर बदलला. आधी एक किणकिण, मग कुणीतरी लोखंड लोखंडावर ओढल्यासारखा आवाज. मागचं चाक क्षणभर जागीच अडलं. श्रीपत यांनी क्लच दाबला नसता तर दोघंही रस्त्यावर गेले असते. पण त्यांचा हात विचाराच्या आधी चालला. गाडी नुसत्या वेगावर घरंगळत कडेला आली, कडुनिंबाखालच्या एका रसवंतीपाशी थांबली.

सगळं एकदम शांत झालं. फक्त इंजिनाच्या पाती निवताना टकटक आवाज करत होत्या.

"उतर," श्रीपत म्हणाले.

त्यांनी किकवर पाय ठेवून जरा भार दिला. दांडा हलला नाही. तळहात सिलेंडरच्या जवळ नेला आणि मागे घेतला. मग टाकीचं झाकण उघडून आत नाक घातलं. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"काय झालं, बाबा?"

"पिस्टन चिकटला." ते सरळ झाले. "तेल टाकलंस ना?"

"मी?"

"बारडोलीला. पंपावर."

प्रज्ञाला पंप आठवला. घरातून निघताना टाकीत दोन-तीन लिटरच पेट्रोल होतं, कारण गाडी घरात, जिन्याखाली उभी असायची आणि भरलेली टाकी घरात चंद्रभागाबाईंना चालत नसे. बाँब उशाशी घेऊन मी झोपणार नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून बारडोलीला टाकी काठोकाठ भरली. या गाडीला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. त्या तेलावरच पिस्टन सरकतो, आणि निळा धूर त्याचाच.

"तुम्ही नरसाळं धरलं होतं," ती म्हणाली.

"मी नरसाळंच धरतो."

"आणि मी बाटल्या भरते."

तिने पाठीवरची पिशवी उघडली. प्रयोगशाळेतल्या मोजपात्राने मोजून भरलेल्या तेलाच्या सहा बाटल्या तशाच्या तशा होत्या, झाकणाला सुती दोरा गुंडाळलेल्या.

रविवारी हे दोघं बापलेक गाडी काढायचे, उकाईपर्यंत, कधी सापुताऱ्यापर्यंत, आणि ती मागून स्कूटीवर डबा घेऊन जायची. पंपावर प्रत्येकाचं काम ठरलेलं. ती बाटली काढून द्यायची, श्रीपत नरसाळं धरायचे, धम्मरत्न तेल ओतायचा आणि मग गाडी कमरेशी धरून डावी-उजवीकडे हलवायचा, मिसळावं म्हणून. तो गेल्यावर सरावासाठी गाडी काढली ती घरात डब्यात मिश्रण करूनच. पंपावर टाकी भरायची वेळ आज पहिल्यांदा आली होती. तिने बाटल्या आणल्या. त्यांनी नरसाळं धरलं. पेट्रोल भरून झाल्यावर दोघंही क्षणभर तसेच उभे राहिले होते, हे आता तिला स्पष्ट आठवलं. कशासाठी उभे होतो, ते तेव्हा कळलं नव्हतं. मग मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला आणि श्रीपत यांनी झाकण लावलं.

"मधलं कोणी करायचं ते आपण ठरवलंच नाही, बाबा."

 खांद्यावरच्या पंच्याने श्रीपत यांनी हात पुसले, एकेक बोट वेगळं करून.

"आता?"

"आता निवू द्यायचं. घाई केली तर सिलेंडरला ओरखडा खोल जाईल."

रसवंतीवरची बाई मघापासून बघत होती. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, उसाच्या मोळीवर एक पाय ठेवून उभी.

"भाऊ, काय व्हयनं? गाडी मरी गई का?"

अहिराणी कानावर पडली तसे श्रीपत वळले. "मरनी नही, रुसनी शे," ते म्हणाले.

"मंग बठा ना. रुसेल बाईले टाइम लागस." ती हसली, बाकावरचं चिपाड झटकलं. "मी कलाबाई. नंदुरबारनी. तुम्ही?"

"साक्रीकडना. आते भेस्तानले ऱ्हातस."

पाच मिनिटांत दोघांच्या गावांमधली निम्मी माणसं ओळखीची निघाली. उसाचं कांडं चरकात जात होतं, रस पातेल्यात पडत होता, आणि कलाबाई एकीकडे बोलतच होती: यंदा ऊस चांगला आहे, कारखान्याच्या गाड्या रस्ता अडवतात, पोरं सुरतेला गेली की आपल्या भाषेत बोलायला लाजतात. "मना नातू मले म्हणस, दादी, गुजरातीमा बोल. म्हटलं, तुना बाप कोन्ता भाषामा रडना व्हता, इचार त्याले."

श्रीपत मोकळे हसले. प्रज्ञाने त्यांना असं हसताना फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"हाई पोर शे तुमनी?" कलाबाईने तिच्यापुढे ग्लास ठेवला.

"सून."

"आनी पोऱ्या?"

"गया," श्रीपत म्हणाले. "दोन वरीस व्हयनात."

कलाबाईने चरक थांबवला. हळहळली, जिभेने च्च केलं, प्रज्ञाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग जे ती विचारणार हे प्रज्ञाला ठाऊक होतं, ते तिने विचारलं.

"लेकरू?"

प्रज्ञा "नाही" म्हणायला गेली. ग्लास तिने खाली ठेवलाही.

"व्हई," श्रीपत म्हणाले. "आते व्हई."

'होईल' ऐकून कलाबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा प्रज्ञाच्या पोटाकडे बघू लागली. श्रीपत यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण ते थांबले नाहीत. घरात ज्या गोष्टीचं नावही त्यांनी कधी घेतलं नव्हतं, ती ते एका परक्या बाईला रस्त्याच्या कडेला सांगत होते. पोऱ्या होता तेव्हाच दवाखान्यात ठेवलंय. बर्फापेक्षा थंड. माणूस नेमलेला आहे. पुरीहून आलो की आणायचं.

"काय ठेयेल शे?"

"बीज," श्रीपत म्हणाले. दुसरा शब्द त्यांच्याजवळ नव्हता.

"अशे बी व्हस का आते?" कलाबाईने तोंडावर पदर घेतला, आणि मग तिचा सगळा चेहरा आनंदाने भरून आला. "मंग रडतस कसाले, भाऊ? पोऱ्या परत यी ऱ्हायना तुमना!" तिने चरक सुरू केला, आल्याचा तुकडा घातला, दुसरा ग्लास काठोकाठ भरला. "ले माय, तुले दोन गिलास लेवाच पडथीन."

प्रज्ञाने तो ग्लास घेतला. रस गोड होता, थंड होता. कलाबाई चूक काहीच म्हणाली नव्हती. प्रज्ञाच्या मनाला लागलं ते एवढंच, की श्रीपत यांनी कलाबाईचं वाक्य दुरुस्त केलं नाही. पोऱ्या परत येतोय. गाडीतला एखादा नट चुकीच्या नावाने म्हटला तरी न राहवणारा हा माणूस, त्यावर नुसता मान हलवत होता.

त्या तीन भ्रूणांपैकी एकही धम्मरत्न नव्हता. हे ती शास्त्राने सांगू शकली असती, आणि शास्त्राशिवायही. तिला त्याच्यासोबत मूल हवं होतं: त्याच्या कडेवर बसलेलं, त्याने गाडीच्या टाकीवर बसवून गल्लीत फिरवलेलं. ती एकटी वाढवू शकली असती. मिलमधल्या कितीतरी बाया वाढवत होत्या. पण त्या मुलाला रोज सकाळी एक काम मिळालं असतं, मेलेल्या माणसाची जागा भरायचं, आणि ते काम त्याच्याकडून होणार नव्हतं. आजही पंपावर दोन शहाणी माणसं त्या जागेसाठी उभी राहिली होती, आणि कुणी आलं नव्हतं.

मागून टेम्पो आला. मंडळाचा चेतन खिडकीतून बाहेर वाकला. तिशीतला, मूळ जळगावचा, पण सुरतेत जन्मलेला.

"काका, शुं थयुं? चढवायची का?"

"तुला घाई आहे का रे?"

"मला कसली? पण मागे रस्त्यात एक बीएसए गाडी पण बंद पडलीय, तिला आणायला जायचंय. काकी, रस आपजो ने एक!"

"पोऱ्या, मी काकी नही, मावशी शे," कलाबाई म्हणाली. "आनी मराठी बोल."

"बीएसए आण आधी," श्रीपत म्हणाले. "तोवर आमची चालू नसेल तर बघू."

टेम्पो गेला. श्रीपत यांनी इंजिनावर तळहात ठेवला. या वेळी तो तिथेच राहिला. "आता," ते म्हणाले.

त्यांनी प्लग काढला. प्रज्ञाने बाटलीतलं थोडं तेल त्या भोकातून आत सोडलं. गाडी गिअरमध्ये टाकून दोघं दोन बाजूंना उभे राहिले आणि तिला पुढे-मागे झुलवू लागले, अगदी हळू, जोर न लावता. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. कलाबाई काम टाकून येऊन उभी राहिली. मग आत कुठेतरी एक बारीक कुरकुर झाली आणि मागचं चाक बोटभर फिरलं.

"सुटला," श्रीपत कुजबुजले. "प्रज्ञा, सुटला."

त्यांनी नरसाळं टाकीवर धरलं. या वेळी ती थांबली नाही. तिने बाटलीचा दोरा सोडला, टाकीच्या मापाने लागेल तेवढं तेल ओतलं, वर थोडं जास्त, आणि गाडी कमरेशी धरून हलवली. तिसऱ्या किकला इंजिन लागलं. कलाबाईने टाळ्या वाजवल्या. आवाजात आता एक खरखर होती, जी आधी नव्हती.

"ओरखडा आलाय," श्रीपत म्हणाले, कान लावून. "पण जाईल. हळू नेली तर गावापर्यंत नक्की जाईल. पुढचं पुढे." त्यांचे डोळे चमकत होते. "संध्याकाळपर्यंत गावात. बस."

तेवढ्यात प्रज्ञाचा फोन वाजला. स्क्रीनवर 'धम्मा' असं आलं. त्याचा फोन चंद्रभागाबाई वापरत, नंबर बंद पडू नये म्हणून. ते नाव बदलायचं प्रज्ञाच्या हातून राहून गेलं होतं. दोघांचे हात तेलाने माखलेले, म्हणून तिने बोटाच्या पेराने फोन उचलला, स्पीकर लावला आणि सीटवर ठेवला. श्रीपत यांनी इंजिन बंद केलं नाही, फक्त मंद केलं.

"अगं, पोचले का तुमी? जेवले का?"

"गाडी जरा थांबली होती," श्रीपत मोठ्याने म्हणाले. "चालू केली. ऐक, ऐकू येतंय का?"

"आला बाई तो आवाज, मेला घरात नाही म्हणून मी सुखात होते. बरं ऐका. तिकडचा फोन आलता. याच फोनवर. ती पोरगी फडाफडा गुजराती बोलत होती, मला अर्धं कळलं. सोमवारच्या आत पक्कं सांगा म्हणे, हो का नाही. मी म्हटलं, सोमवार कशाला, थांब बाई, आत्ता इचारते. ती अर्ध्या तासानं पुन्हा करणार आहे. काय सांगू?"

श्रीपत यांनी प्रज्ञाकडे पाहिलं. नंतर त्यांनी नजर काढून घेतली, लाजल्यासारखी, आणि फोनकडे वाकले.

"त्यात इचारायचं काय," ते म्हणाले.  "आम्ही पुरीहून आलो की सुट्टी टाकेल प्रज्ञा. तू आहेस, मी आहे. सांभाळायला काय कमी माणसं आहेत? सांग त्या पोरीला..."

"बाबा."

त्यांनी वर पाहिलं. प्रज्ञाने हात पुढे करून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. कलाबाईचा चरकही थांबलेला होता, त्यामुळे एवढ्या मोठ्या रस्त्यावर त्या क्षणी तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. साक्री अजून पुष्कळ दूर होती. गाव दाखवून मग, असं तिने ठरवलं होतं. पण श्रीपत यांच्या ओठांवर 'हो' हा शब्द आलेलाच होता, आणि तो एकदा बोलला गेला की तिच्याकडून मोडवला नसता.

"प्रज्ञा?" फोनमधून आवाज आला. "आहेस का गं?"

"आहे, आई." तिने फोन उचलला नाही. तो सीटवरच राहू दिला, दोघांनाही सारखं ऐकू जावं म्हणून. ती श्रीपत यांच्याकडे बघत बोलली. "आई, बाबा, त्यांना 'नाही' म्हणून सांगा. मला त्याचं मूल हवं होतं, पण तो असताना. आता नाही. मी ते ठेवणार नाही."